मूल सांभाळणारीला कोण सांभाळणार?



भीमा खोऱ्यातल्या ऊसवाल्याला भिवपुरी हे नाव बहुधा पाण्याच्या भांडणातून ठाऊक झालेले असते. मावळात आंध्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण आहे. तेथले पाणी इंद्रायणीवाटे भीमेत यायचे, ते सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून खाली सोडतात आणि कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीच्या वीजघरात १९२२ सालापासून त्यावर वीज तयार होते. "आमचे पाणी कोकणात चालले" ही तक्रार आपल्या वार्षिक सभेत कितीदा झाली असेल! तो वाद आज काढावयाचा नाही. पाणी जिथे उतरते तिथल्या बायामाणसांवर २०२० आणि २०२१ या दोन सालांत जे गुदरले ते सांगावयाचे आहे, आणि त्यातून आपल्या कारखान्याच्या तळाकडे यावयाचे आहे.

घाटाखाली ऊस नाही. एक भाताचे पीक, तेही पावसावर. माथेरानच्या आणि भीमाशंकरच्या डोंगरांच्या अंगाला ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. दिवाळी झाली, भात झोडून झाला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल घ्यायची, बिऱ्हाड पाठीवर घ्यायचे, पोर कडेवर घ्यायचे आणि निघायचे. आपल्याकडे येणाऱ्या कोयत्याची चाल याहून वेगळी आहे काय?

खालच्या अंगाला, रेल्वेच्या बाजूला, चित्र निराळे. भिवपुरी रोड स्टेशन नेरळ आणि कर्जतच्या मध्ये आहे. तिथून पहाटेची लोकल धरून मुंबईकडे नोकरीला जाणाऱ्या बाया पुष्कळ. त्यांची तान्ही मुले दिवसभर कुणातरी शेजारणीकडे असतात. या शेजारणीच्या दोन खोल्या म्हणजेच पाळणाघर. नोंदणी नाही, पाटी नाही, महिन्याच्या महिन्याला हातावर मिळतील तेवढे पैसे. वर वाडीत अंगणवाडीची ताई आणि खाली स्टेशनाजवळ पाळणाघराची मावशी अशा दोन बायकांच्या जिवावर तिथली आई कामाला जाते.

२०२० च्या मार्चमध्ये दोघींचेही काम एका आठवड्यात पालटले.

मुंबईच्या लोकल बंद झाल्या. १५ जूनला सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्व बायकांना ठराविक वेळी प्रवासाची मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबरला आणि इतरांना त्यानंतर १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही वेळेची बंधने घालून. पुढे एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा कडक निर्बंध लागले. नोकरीवाली घरी बसली म्हणजे तिचे पोर घरी आणि पाळणाघराच्या मावशीची कमाई शून्य. खोलीचे भाडे, विजेचे बिल मात्र चालू. दवाखान्यात, नगरपालिकेत काम करणाऱ्या बाईला तर कामावर जाणे भागच होते, पण तिचे मूल घेताना मावशीच्या घरातलीच माणसे कचरत, कारण रोग घरात येईल. नुकसान दाखवावे तर कोणत्या कागदावर? दुकानदाराकडे गुमास्ता परवाना असतो, रिक्षावाल्याकडे बॅज असतो. मूल सांभाळणे हा धंदा आहे असे सरकारच्या खात्यात कुठे लिहिलेलेच नव्हते, म्हणून अडचणीच्या वेळी तिचे नाव कोणत्याही यादीत निघाले नाही.

अंगणवाडीच्या ताईचे उलटे झाले. मुलांना एकत्र बसवणे बंद झाले, पण तिचे काम दुप्पट वाढले.

अंगणवाडी हा शब्द आपल्या महाराष्ट्रातला आहे हे थोड्यांना माहीत असते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी हे काम वाढवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव लागले. आज आपल्या राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. तुमच्या गावातही आहे. समाजमंदिराच्या बाजूची ती खोली, तिथे ताई असते आणि एक मदतनीस असते.

साथीत या ताईच्या वाट्याला काय आले? घरोघरी जाऊन कोण बाहेरगावाहून आला, कोणाला ताप आहे याची नोंद करायची. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हा आशांबरोबर पुष्कळ ठिकाणी ताईही दारोदार फिरल्या. शिजवलेला खाऊ बंद झाला, म्हणून कोरडा शिधा घरी पोचता करायचा. गहू, हरभरा, डाळ, मीठ, हळद, तिखट, तेल अशा वस्तूंच्या पिशव्या पन्नास-पन्नास दिवसांच्या हिशोबाने यायच्या. डोंगरातल्या वाडीवर ओढा भरला की गाडी जात नाही. तिथे हा शिधा माणसाच्या डोक्यावरूनच जातो. त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आले आणि घरांचे पत्रे उडाले. साथ आणि वादळ दोन्ही एकाच महिन्यात.

मुलांचे वजन करणे थांबले ही गोष्ट वरवर लहान वाटते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, त्यावरून कोणते मूल घसरते आहे हे आईच्या आधी ताईला कळते. वजनकाटा नसेल तर दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला तर ते अतितीव्र कुपोषित समजायचे. साडेअकरा ते साडेबारा असेल तरी धोका आहे. मोजणीच नसेल तर मूल अंथरुणाला खिळेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. भट्टी बंद पडून अवेळी घरी आलेल्या कुटुंबातली मुले तर कोणत्याच अंगणवाडीच्या पटावर नव्हती. गावच्या वहीत 'स्थलांतरित', भट्टीच्या गावच्या वहीत नावच नाही.

या शिध्याच्या पिशवीत आपलाही माल आला, ते सांगायला हवे. २०२१ मध्ये त्यातले खाद्यतेल काढून त्याऐवजी साखर देण्यात आली. तेलाचे भाव भडकले होते. आपण साखरवाले, साखर खपली म्हणून खूष व्हावे की काय! पण आहाराचे जाणकार तेव्हा बोलले ते खोटे नव्हते. एक ग्रॅम तेलातून नऊ उष्मांक मिळतात, साखरेतून चार. दोन वर्षांच्या मुलाचे पोट मुठीएवढे, त्याला थोड्या घासात जास्त ताकद लागते, ती तेला-तुपातून येते. साखर आपण पिकवतो म्हणून ती तेलाची जागा घेत नाही. सहकारी साखर धंद्याच्या एखाद्या सभेत कोणी हे उभे राहून बोलले असते तर त्याला वजन आले असते. आपलाच माल, आणि आपणच म्हणतो आहोत की बाबांनो पोराला तेल द्या.

आता पैशाचे. मार्च २०२३ पर्यंत सेविकेला महिन्याला ८,३२५ रुपये मिळत आणि मदतनीस बाईला ४,४२५ रुपये. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात ते १०,००० आणि ५,५०० झाले, २०२४ मध्ये आणखी वाढले. म्हणजे साथीच्या संपूर्ण काळात, तोंडाला फडके बांधून घरोघर फिरताना, ताई आठ हजारांच्या घरात होती आणि तिच्या हाताखालची बाई साडेचार हजारांच्या आत. आपल्या फडात एक कोयता दिवसाला किती पाडतो याच्याशी ताडून पाहा. साथीच्या कामावर असताना मृत्यू आला तर पन्नास लाखांचे विमाकवच मिळण्याचा आदेश राज्याने मे २०२० मध्ये काढला, त्यात अंगणवाडी कर्मचाऱ्यांचाही समावेश होता. चांगली गोष्ट. पण अशा दाव्याला ती त्या दिवसांत कामावर होती याचा लेखी पुरावा लागतो. तोंडी हुकमावर फिरलेल्या बाईच्या घरच्यांनी तो आणायचा कुठून? गावच्या सरपंचाने, ग्रामसेवकाने रोजच्या रोज एक ओळ लिहून ठेवली असती तरी भागले असते.

यापुढची वाढ आपोआप झाली, कोणाच्या दयेने झाली, असे समजू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारचे मोबाईल परत केले. फोन तापत होते, जुने होते, आणि नोंद ज्या 'पोषण ट्रॅकर' मध्ये करायची तो इंग्रजीत होता. मराठी बाईने मराठी मुलाची नोंद इंग्रजीत का करावी याचे उत्तर कोणाकडे नव्हते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. तो खटला गुजरातमधल्या बायकांनी लढवला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये संप झाला, पुन्हा ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस झाला. संपाच्या काळात आपल्यापैकी काहींनी "अंगणवाडी बंद ठेवतात, पोरांचे हाल" म्हणून नाके मुरडली असतील. पोरांचे हाल झाले हे खरेच. पण गावातल्या किती पुढाऱ्यांनी त्या दिवसांत जिल्हा परिषदेत जाऊन ताईंच्या बाजूने शब्द टाकला? बाई एकटी बोलली तर तिला भांडखोर म्हणतात. तेच चार हजार सभासदांच्या संस्थेने लिहून दिले तर ते निवेदन होते.

परदेशात काय केले

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही साथीत पाळणाघरे धडाधड बंद पडू लागली. तिथे मार्च २०२१ च्या कायद्याने बालसंगोपनासाठी सुमारे ३९ अब्ज डॉलर मंजूर झाले, त्यातले २४ अब्ज तर पाळणाघरे तगून राहावीत एवढ्याचसाठी होते. भाडे द्या, बाईचा पगार द्या, साबण-औषध आणा, पण दार बंद करू नका. त्यामागचा विचार आपल्या शेतकऱ्याला चटकन समजेल. दुष्काळात बैल विकला की पाऊस पडल्यावर पेरणी कशाने करायची? पाळणाघर मोडले की साथ ओसरल्यावर आई कामावर जाणार कशी? ही मदत ३० सप्टेंबर २०२३ ला संपली आणि संपताच तिथल्या पाळणाघरवाल्यांना पुन्हा फी वाढवायची की बायका कमी करायच्या हा पेच पडला. एकरकमी मदत संकटात तारते, पुढची तजवीज मात्र वेगळी करावी लागते.

आपला तळ

आता घाट चढून आपल्याकडे येऊ. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गाळप संपत आले होते आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळांवर सव्वा लाखांवर ऊसतोड कामगार अडकून पडले. गावी जाता येईना, काम संपलेले. १७ एप्रिलला शासनाने त्यांना तपासून गावी सोडण्याचा आदेश काढला. तोवर तीन आठवडे ही माणसे कोप्यांत बसून होती. त्यात मुले किती होती? हा आकडा कोणाजवळ नव्हता. बैलजोड्यांचा हिशोब होता, टायरगाड्यांचा होता, उचलीचा तर पैन्‌पै होता.

तळावर मूल कोण सांभाळते, हे आपण रोज पाहतो म्हणून दिसेनासे झाले आहे. पहाटे तीनला नवरा-बायको फडात जातात. तान्हे मूल झोळीत, उसाच्या बांधाला. जरा मोठे असेल तर कोपीवर, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला आठ-दहा वर्षांची बहीण. भिवपुरीला ताई होती, मावशी होती. आपल्या तळावर मूल सांभाळणारी ती ही पोरगी. तिला मानधन नाही, सुट्टी नाही, शाळाही नाही. मध्ये काही वर्षे साखरशाळा चालल्या, त्यांचे काम मोठे होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर जवळच्या शाळेत नाव घालायचे ठरले आणि बहुतेक साखरशाळा मिटल्या. पण धाकटा भाऊ कडेवर असलेली मुलगी शाळेत बसणार कशी? सहा वर्षांखालच्याची सोय झाल्याशिवाय सहा वर्षांवरची शिकत नाही. अशी ही गाठ आहे.

म्हणून पैसा कुठे आहे आणि शब्द कुठे टाकायचा, हे नीट समजून घ्यावे.

स्वर्गीय गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी असे २०२१ च्या अर्थसंकल्पात ठरले. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे पन्नास लाख होतात, शासनाचे धरून एक कोटी. त्याच साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली, ती शाळेच्या वयाच्या मुलामुलींसाठी आहे, गावाकडे राहून शिकण्यासाठी. दूधपितं मूल वसतिगृहात राहू शकत नाही, ते आईबरोबर तळावर येणारच. तेव्हा जो पैसा आपल्या उसातून कापला जातो त्यातला काही भाग तळावरच्या पाळणाघराला द्या, असे मागण्याचा पहिला हक्क आपला, कारण भरणारे आपण आहोत. तळावरच्याच एखाद्या थकलेल्या, कोयता न पेलणाऱ्या बाईला रोजाने ठेवावे. ती पोरांच्या ओळखीची असते, त्यांची बोली जाणते. तिचा रोज थेट तिच्या हातात पडावा, मुकादमाच्या वहीत उचलीपोटी वळता होऊ नये. हा शेवटचा मुद्दा बारीक वाटेल, पण पाळणाघर टिकणार की बंद पडणार ते यावर ठरेल.

कारखान्याच्या स्वतःच्या नफ्यातूनही वाट आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे नफ्याचा काही भाग सार्वजनिक कामाला देता येतो. आजवर तो देवळाच्या सभामंडपाला, कुस्त्यांच्या मैदानाला गेला असेल, त्याबद्दल तक्रार नाही. आणि गावात ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चावा लागतो. तो कशावर खर्ची पडला हे ग्रामसभेत विचारावे. अंगणवाडीत वजनकाटा चालू आहे का, पाण्याची टाकी आहे का, साथीत ताईला मुखपट्टी आणि साबण कोणी दिला, असे साधे साधे विचारावे. तुम्ही विचारलेत तर ताईला विचारावे लागत नाही.

शब्दाच्या बाजूने एक हत्यार आपल्याजवळ आहे, ते फारच थोड्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी असा आदेश दिला की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी. आपल्या तळावर चाळीस मुले नाहीत असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? अडचण वेळेची आहे. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. टोळ्या आल्यावर अर्ज केला तर तीन महिने कागद फिरण्यात जातील आणि कोयते परतीच्या वाटेला लागतील. मागणी श्रावणातच, मागच्या हंगामाच्या आकड्यावर, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. तोवर शेजारच्या गावच्या अंगणवाडीच्या पटावर ही मुले घ्यावीत, आणि त्या ताईवर वाढलेल्या मुलांचा भार पडतो म्हणून तिला हंगामापुरती जादा मदतनीस मिळावी, तिचा खर्च कारखान्याने उचलावा. नुसती मुले तिच्या गळ्यात मारली तर भिवपुरीच्या ताईवर साथीत जे लादले गेले, तेच आपणही आपल्या ताईवर लादले असे होईल.

या सर्वाला आधी आकडा हवा. शेतकी खात्याकडे दर हंगामात टोळ्यांची यादी होते. मुकादमाचे नाव, गाव, कोयते किती, बैल किती, गाडी कोणती, असे रकाने त्यात असतात. त्याच कागदावर 'सहा वर्षांखालील मुले' असा एक रकाना वाढवून चिटबॉयने टोळी उतरल्या दिवशीच तो भरावा, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडता येईल. ज्या सभासदांना तो मांडावयाचा आहे त्यांनी सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी सूचना कार्यालयात द्यावी, म्हणजे विषय आयत्या वेळचा म्हणून मागे पडणार नाही.